कीमतशोचे विलो

पंज नदीकाठच्या त्या गावात कीमतशोची थट्टा ठरलेली होती. म्हाताऱ्याच्या हाती ओली काठी देऊ नका, तो तीसुद्धा लावेल, असं लोक म्हणायचे. ते अगदीच खोटं नव्हतं. टोपल्यांसाठी लाल फांद्यांचे विलो, छपरासाठी पांढरे, सगळे त्याने वाढवले होते. जीव मात्र नदीकाठच्या रांगेत. त्या झाडांच्या मुळांनीच त्याचं जवाचं शेत धरून ठेवलं होतं. कळ्या फुटण्याआधी माणसाच्या उंचीचा सोट तोडायचा, पाटात भिजवायचा, आणि गुरांचं तोंड वरच्या फुटीला पोचणार नाही असा उभा रोवायचा. पुढे जळणाला वरच्या फांद्याच घ्यायच्या. "केस कापा, मान नको," असं तो लहानथोरांना दटावायचा.

मग यादवी पेटली. ओश शहरातून येणारे कोळशाचे ट्रक बंद झाले. कीमतशोचा मुलगा राजधानी दुशान्बेत अडकला; घरात उरले म्हातारा, सून नेकबख्त आणि तिची तान्ही मुलगी. त्या हिवाळ्यात फांद्या संपल्या, कुंपणं संपली, शेणी संपल्या, आणि कुऱ्हाडी खोडांवर आल्या. कीमतशो दारोदार विनवण्या करत फिरला. त्याला उलट कोणी बोललं नाही, पण थांबलंही नाही. शेवटी तो स्वतःच आपल्या रांगेपाशी पहाऱ्याला बसू लागला.

मदतीचं पीठ वाटत असल्याचं कळलं म्हणून तो खोरोग शहराला गेला. परत आला तर काठावर नुसते बुंधे. बर्फात ओंडके ओढत नेल्याच्या खुणा शेजारणींच्या घरांकडे गेल्या होत्या, आणि एक खूण त्याच्याच दाराशी.

काय काय बोलायचं ते घोकतच तो आत शिरला. चूल धडधडत होती. चार दिवस ओठ निळे पडलेली नात मुठी हलवत होती. नेकबख्त मान खाली घालून उभी राहिली. म्हातारा चुलीपाशी बसला आणि हात शेकू लागला.

उन्हाळ्यात बर्फ वितळलं, नदी चढली. शेताचा काठ ढासळू लागला, आणि हिरव्या जवासकट एकेक तुकडा पाण्यात जाऊ लागला. दोघं बांधावर उभी होती. करण्यासारखं काही नव्हतंच.

"बाबा, तुम्ही घरी असता तर मला अडवलं असतंत," नेकबख्त म्हणाली.

"अडवलंच असतं, पोरी," कीमतशो म्हणाला. "आणि मग तिला शेकायला काय दिलं असतं?"