धूळ परत न फेकणारं मशीन

माझ्या मावशीला बसल्या बसल्या झोप लागायची. हातात सुई, मांडीवर कुणाची तरी पँट आणि मान एका बाजूला कललेली. हाक मारली की डोळे न उघडताच म्हणायची, "जागीच आहे गं. पापण्यांना जरा टेका दिला."

ती कपड्यांची दुरुस्ती करायची. लांब पँट आखूड करणं, कंबर आत घेणं, चेन बदलणं, कोटाचं फाटलेलं अस्तर नव्यानं लावणं. इमारतीखालच्या लाँड्रीत लोक कपडे टाकत आणि लाँड्रीवाला गठ्ठा वर पाठवून देई. नवे कपडे शिवणाऱ्याचं कौतुक होतं, दुरुस्तीवालीचं कुणी करत नाही. पँट नीट बसली तर ती पहिल्यापासून तशीच होती असं गिऱ्हाइकाला वाटतं. हे मावशीचंच म्हणणं. तक्रार म्हणून नव्हे, आज हवा गरम आहे म्हणावं तसं ती ते म्हणायची.

काका, म्हणजे तिचे यजमान, फर्निचरच्या कारखान्यात घासकाम करायचे. पॉलिश चढवण्याआधी टेबलं, दारं, पलंग कागदानं घासून गुळगुळीत करायचे. सगळी उमेद त्या भुशात गेली आणि भुसा छातीत जाऊन बसला. कारखाना सुटला, खोकला सुटला नाही. खोलीतून स्वयंपाकघरापर्यंत जाताना ते मध्येच चौकटीला धरून उभे राहायचे, जणू काही आठवतंय अशा आविर्भावात. मावशीला कळायचं की काही आठवत नाहीये, दम लागलाय. तीही दिसलं नाही असं दाखवायची.

घर तिसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. दोन्ही खोल्यांत भिंतीपासून भिंतीपर्यंत चिकटवलेला जाड गालिचा, घरमालकानं कधीकाळी बसवलेला. त्याचा मूळ रंग कोणता यावर नवरा-बायकोचं कधी एकमत झालं नाही. मावशीचं शिवण त्याच्यावरच चालायचं. दोऱ्याचे तुकडे, लोकरीची लव, उसवलेल्या कपड्यांतून निघणारी पिठासारखी धूळ, सगळं त्या गालिच्यात मुरायचं. सकाळी ती झाडू मारायला लागली की काका खोकायला लागायचे. दुपारी शिवणयंत्र चाललं की पुन्हा. तिचं काम आणि त्यांचा खोकला एकाच वेळी सुरू होतात हे दोघांनाही कळत होतं. ते कधी बोलले नाहीत. तिनंही विषय काढला नाही.

शेवटी विषय काढला तो डॉक्टरीणबाईंनी.

"झाडू बंद," त्या म्हणाल्या. "झाडूनं धूळ जात नाही, नुसती उठते. तो गालिचा तरी काढा, नाहीतर शिवण तरी."

शिवण बंद करणं म्हणजे चूल बंद करणं. म्हणून मावशी घरमालकाकडे गेली. या घरमालकाला अख्खी इमारत 'बघू' म्हणायची, कारण तोटी गळो नाहीतर खिडकी निखळो, त्याचं उत्तर ठरलेलं असे. मावशीनं डॉक्टरांचा सल्ला सांगितला, काकांची हालत सांगितली. त्यानं सगळं मान हलवत ऐकलं आणि म्हणाला, "हो हो, बघू."

मग ती ओल्या फडक्यानं गालिचा पुसायला लागली, गुडघ्यांवर रांगत. उठताना शिवणयंत्राच्या पायाचा आधार घ्यायची आणि उठल्यावर थोडा वेळ वाकलेलीच राहायची. गालिच्याला कुबट वास यायला लागला. तिची कंबर धरली ती धरलीच.

हे काकांच्या बहिणीच्या, म्हणजे मावशीच्या नणंदेच्या कानावर गेलं. नणंद मनानं चांगली, फक्त तिचं चांगलं मन इतरांच्या घरात जरा जास्तच जागा व्यापायचं. तिनं आपल्याकडचा जुना व्हॅक्यूम क्लिनर पाठवला. पिंपासारखा गोल, चाकांवरचा, पुढे हत्तीच्या सोंडेएवढी नळी.

"वहिनी, नवाच आहे बघा," ती फोनवर म्हणाली. "मी वापरलाच नाही फारसा."

"का नाही वापरलात, वन्सं?"

"जड पडतो हो मला."

मी त्या दिवशी तिथेच होते. सुट्टी असली की मी मावशीकडे जाते. औषधाच्या दुकानात दिवसभर उभी राहिल्यावर कुणाच्या तरी घरी नुसतं बसावंसं वाटतं. मावशीनं ते पिंप सुरू केलं. सोंड पुढे ओढायची, पिंप मागे अडायचं. खुर्चीच्या पायात गुंतायचं, वळणावर आडवं व्हायचं. एका हातानं ती नळी धरत होती, दुसऱ्या हातानं कंबर. तेवढ्यात खिडकीतून उन्हाचा पट्टा आत आला आणि मी पाहिलं, पिंपाच्या मागच्या जाळीतून बारीक राखी धूर निघत होता. धूर नव्हता तो. पुढून ओढलेली धूळ मशीन मागून परत फेकत होतं, आणखी बारीक करून.

"मावशी, बंद कर!"

तिला ऐकू गेलं नाही. मी पिन काढेपर्यंत काका दारात येऊन उभे होते. खोकला आधी नेहमीसारखाच वाटला. मग आवाजच यायचा थांबला, नुसते खांदे हलायला लागले आणि ओठ जांभळे दिसायला लागले. लाँड्रीवाल्यानं आणि मी मिळून त्यांना खुर्चीसकट खाली उतरवलं. दवाखान्यात नाकाला नळी लावल्यावर बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे उघडले, मावशीकडे पाहिलं आणि म्हणाले, "बहिणीनं... पाठवलंय ते... परत पाठव."

मावशी हसली नाही. खुर्चीवर बसली होती, ब्लाउजला दोरे चिकटलेले. ते एकेक करून काढत होती आणि हातात गोळा करत होती, खाली टाकायला नको म्हणून.

काका घरी आल्यावर ती म्हणाली, "मशीन घ्यायचं. पण आपण बघून, आपलं."

काय हवं ते तिला स्वच्छ ठाऊक झालं होतं. कंबर वाकवावी लागू नये, म्हणजे उभ्या दांड्याचं हवं, पुढे ढकलत चालायचं. खाली फिरता ब्रश हवा, नाहीतर गालिच्यातली लव हलत नाही. आणि आत गेलेली धूळ आतच राहायला हवी. बाकी दिवे, रंग, चकाकी कुणाला हवी त्यानं घ्यावी. परवडायला मात्र हवं, आणि टिकायलाही. या दोन गोष्टी एका मशीनमध्ये एकत्र नांदत नाहीत असा तिचा आयुष्यभराचा अनुभव होता.

दुकानात जायला निघालो तेव्हा तिनं पिशवीत घरच्या गालिच्यावरची लव आणि धूळ भरलेला डबा घेतला, आणि कोटाच्या काळ्या अस्तराचा एक तुकडा.

"हे कशाला?"

"दुकानात कागदाचे कपटे टाकून दाखवतात. कपटे कुठलंही मशीन उचलेल. आपल्याकडे कपटे नाहीत, ही लव आहे."

पहिलं दुकान मोठं, गार, सगळीकडे आरसे. टाय लावलेल्या विक्रेत्यानं बिनवायरचा उभा व्हॅक्यूम दाखवला. एका हातात उचलता येईल इतका हलका. मावशीनं तो गालिच्याच्या नमुन्यावर फिरवला तेव्हा तिचा चेहरा जरा सैल झाला. मला वाटलं, झालं काम.

"बॅटरी किती दिवस टिकते?" तिनं विचारलं.

"चार्जिंग केलं की आरामात पूर्ण घर होतं, मॅडम."

"तसं नाही. म्हातारी कधी होते?"

तो हसला. "झाली की नवीन बसवायची."

"याच्यासाठी मिळेल तेव्हा?"

"सध्या तरी मिळतेय."

'सध्या तरी' ऐकून मावशीनं दांडा सावकाश जागेवर ठेवला. किमतीची पट्टी तिनं पाहिली होतीच. बाहेर आल्यावर बसस्टॉपच्या बाकावर बसली आणि सँडल काढून पाय चोळायला लागली.

दुसऱ्या दुकानात स्वस्त होते. पण सुरू केल्यावर खेळण्यातल्या मोटारीसारखे किरकिरायचे, आणि दांडा मधल्या सांध्यात डुगडुगत होता. मावशीनं पाऊण डबा धूळ सांडली, मशीन फिरवलं आणि मला काळं अस्तर मागच्या जाळीवर धरायला सांगितलं. काढून पाहिलं तर अस्तरावर पिठाचा हात उमटावा तसा राखी डाग. विक्रेता म्हणाला, "एवढी धूळ सगळ्यातूनच येते." खोटंही बोलत नव्हता तो, त्याच्या दुकानातल्या सगळ्यांतून येत असेल.

तिसरं दुकान गल्लीत होतं. तिथली मुलगी काउंटरला टेकून, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत उभी होती. मी तिला लगेच ओळखलं. ओळखलं म्हणजे तिचे पाय ओळखले, माझ्यासारखेच दिवसभर उभे राहिलेले.

"काकू, बसा आधी," ती म्हणाली आणि स्टूल पुढे सरकवलं.

मावशी बसली आणि एकदम म्हणाली, "पोरी, मला आता निवडायचा कंटाळा आलाय. जन्मभर जे मिळालं ते घेतलं, तेच सोपं होतं. माझ्या माणसाला धूळ सोसत नाही आणि मला वाकवत नाही. काय ते दाखव."

मुलीनं तिला दोन मशीनं दाखवली. एक हलकं, देखणं. दुसरं मागच्या वर्षीचं, शेवाळी रंगाचं. तो रंग कुणाला आवडला नाही म्हणून किंमत उतरवलेली. वायरचं. वजनानं जरा भक्कम, पण चाकांवर पुढे सरकताना आपलं आपण चालल्यासारखं. मावशीनं उरलेली लव सांडली. शेवाळी मशीननं ती गुरगुरत ओढली. मी अस्तर धरलं. काढून दाराशी उजेडात नेलं, मुलगीही सोबत आली. अस्तर काळंच होतं.

"याचा फिल्टर धुता येतो," मुलगी म्हणाली. "आतला पट्टा तुटतो कधीतरी, खरं सांगते. पण पट्टे आमच्याकडे असतात. माझ्या आईकडे हेच आहे. आवाज फार करतं म्हणून ती रोज शिव्या देते, पण चालतंय."

शेवटच्या वाक्यानं सौदा झाला. मावशी म्हणाली, "शिव्या आम्हीही देऊ."

घरी काकांनी खोकं पाहिलं. "तोफ आणलीस?"

"आत जा तुम्ही. दार लावून बसा."

तिनं पहिली खोली केली. धुळीचं भांडं पारदर्शक होतं. बघता बघता त्यात मळकट लोकरीच्या नमद्यासारखा गोळा जमला. रिकामं केलं, पुन्हा भरलं. तीच खोली, तोच गालिचा, वरून स्वच्छ दिसणारा. मावशी भांड्याकडे बघत उभी राहिली. "यात राहत होतो आपण," ती म्हणाली. आनंद नव्हता त्यात. इतकी वर्षं कुणी फसवत होतं हे उशिरा कळल्यावर जसं वाटतं, तसा आवाज होता.

रोज एक खोली असं तिनं ठरवलं. शिवण होतंच, स्वयंपाक होता, काकांची औषधं होती. आता त्यात हे. मशीन चांगलं होतं, पण ते चालवणारी तीच होती, तीही जुनी झालेली.

पुढच्या सुट्टीला मी दुपारी गेले. दारातच गुरगुर ऐकू आली. आत पाहिलं तर मावशी शिवणयंत्रावर डोकं टेकून गाढ झोपलेली, त्या आवाजातही. आणि खोलीच्या मध्यभागी, तोंडाला फडकं बांधून, शेवाळी दांडा दोन्ही हातांनी धरून काका उभे. एक पाऊल टाकायचे, दांड्यावर भार देऊन थांबायचे, श्वास घ्यायचे, पुढचं पाऊल. चौकट नव्हती जवळ, भिंत नव्हती. तरी ते खोलीच्या मधोमध उभे होते.

मी काही बोलायच्या आत मावशी जागी झाली.

"अहो! काय चाललंय? धूळ वर्ज्य आहे ना तुम्हाला?"

त्यांनी बटण बंद केलं. बोलायला वेळ लागला. "धूळ... याच्या पोटात आहे. माझ्या नाही."

"ठेवा ते. मी करते."

"तू झोप."

"मला नाही झोपायचं."

"मग काय करत होतीस?"

मावशीनं उठून हात पुढे केला. काका दांडा सोडेनात. म्हणाले, "जन्मभर मी धूळ केली. आता... थोडी उचलू दे की."

मला वाटलं ती रडेल. ती चिडली. खूप चिडली, भांडी आपटली, मला चहा देताना कप बशीतून निसटला. "मरायला टेकलेत आणि झाडलोट करतायत," म्हणाली. मग सगळा राग घेऊन दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंकडे गेली, त्यांनी काकांना दटावावं म्हणून.

त्यांनी दटावलं नाही. मशीनची सगळी माहिती विचारली आणि म्हणाल्या, "चांगला मास्क लावून, खिडकी उघडी ठेवून, दमतील तिथे थांबून करू देत. भांडं मात्र तुम्हीच रिकामं करायचं, तेही घराबाहेर. नाहीतरी चाला म्हणून मी कधीची सांगतेय, ऐकतात कुठे?"

मग तसंच सुरू झालं. शिवणाची खोली काकांची, झोपायची मावशीची. ते काम करत तेवढा वेळ ती खाटेवर आडवी होत असे; खरोखर आडवी, पाय लांब करून. त्या गुरगुरीत तिला छान झोप लागायची. बंद झालं की जाग यायची.

काकांचा आजार गेला नाही. असे आजार जात नाहीत, डॉक्टरीणबाईंनीही तसं कधी म्हटलं नाही. पण खोकल्याच्या उबळी कमी झाल्या आणि दवाखान्याची धावपळ बरेच महिने झाली नाही. मध्ये एकदा पट्टा तुटला. मावशी गल्लीतल्या दुकानातून नवा घेऊन आली. काकांनी मशीन आडवं करून खालचं झाकण उघडलं, पट्टा चढवला, ब्रशला गुंडाळलेले दोरे ब्लेडनं कापून काढले. निळे, तपकिरी, पांढरे. ते हातावर घेऊन त्यांनी मावशीला दाखवले.

"हा त्या वकिलाच्या कोटाचा," मावशी म्हणाली. "फार किरकिर केली होती त्यानं."

थंडीत काकांना अर्धीच खोली व्हायला लागली. मग खिडकीपासून शिवणयंत्रापर्यंत ते, पुढे मावशी. मध्ये मशीन बंद न करता दांडा एकमेकांच्या हातात द्यायचे. परवा मी गेले तेव्हा काका खुर्चीत दम खात बसले होते आणि मावशी कुरकुरत उरलेला भाग करत होती. कोपरा झाला, तिनं बटण बंद केलं आणि भांडं काढून जिन्याकडे निघाली.

"गॅसवर दूध आहे," जाता जाता मला म्हणाली. "उतू जाईल, बघ. आणि त्यांना विचार, गोळी घेतली का."

मी विचारलं. त्यांनी मान हलवली. घेतली असावी.