जागृतीची पिवळी बस

२००८ च्या ऑक्टोबरमध्ये प्रितमच्या कंपनीने त्याच्या अख्ख्या टीमला एका मीटिंगमध्ये नारळ दिला. अमेरिकेतल्या ईडन प्रेरी गावातल्या त्यांच्या कॉलनीत त्या महिन्यात नोकरी गेलेलं हे पहिलं घर नव्हतं.

त्याची बायको जागृती नागपूरला कॉलेजात मायक्रोबायॉलॉजी शिकवायची. इथे मुलगी झाल्यावर घरी राहिली. आता ग्रीन कार्ड हातात होतं, पण लॅबमध्ये भरती बंद. छोट्या निधीला दमा, त्यामुळे इन्शुरन्सशिवाय भागणार नव्हतं. स्कूल बसच्या डेपोवर मात्र पाटी होती : ड्रायव्हर हवेत, ट्रेनिंग आणि इन्शुरन्स देऊ.

"तू बस चालवणार?" प्रितम म्हणाला. "लोक काय म्हणतील यार?"

"लोक निधीचा इन्हेलर आणून देणार आहेत का?"

पहिल्या टेस्टला बस मागे घेताना तिने शंकूंची ओळच आडवी केली. नापास. घरी पोचली तरी गाडीतून उतरेना, तिथेच रडत बसली. शेजारच्या सुलभाकाकूंनी काचेवर टकटक केली.

"परत टेस्ट कधी?"

"पुढच्या आठवड्यात."

"मग निधीला माझ्याकडे सोड नि प्रॅक्टिस कर. रडायला नंतर वेळ काढू."

दुसऱ्या खेपेला ती पास झाली.

नोव्हेंबरात बर्फ पडत असताना तिच्या रूटवर तिचीच कॉलनी आली. स्टॉपवर ओळखीच्या आया उभ्या होत्या. एकीने तोंड फिरवलं. तिच्या ओळखीतल्या विनीताचा मुलगा मात्र ओरडला, "आंटी, यू ड्राइव्ह धिस?"

"येस. सिट डाउन."

टोपीखाली तिचे कान तापले होते. पण पुढच्या वळणावर रस्ता गोठून काचेसारखा निसरडा झाला होता. लोकांची तोंडं बघायला वेळच नव्हता.

संध्याकाळी विनीताचा फोन आला. आधी हवापाण्याचं बोलली, मग म्हणाली, "ह्यांचीही नोकरी गेलीय गं. कुणाला सांगितलं नाही."

"बस चालवशील?"

"भीती वाटते."

"मलाही वाटते. उद्या ये."

मग सुलभाकाकूंच्या किचनमध्ये शाळाच भरली. विनीता आणि आणखी दोघी नियमांचं पुस्तक पाठ करायच्या. काकू पोरांना सांभाळायच्या. पहिले काही दिवस प्रितम आलाच नाही. मग एकदा निधीला न्यायला आला, आणि त्या बायकांना पुस्तकातली एअर ब्रेकची आकृती समजावता समजावता तिथेच जेवला. दुसऱ्या दिवशी स्वतःहून आला.

ख्रिसमसच्या सुट्टीआधी विनीता पास झाली. प्रितमला अजून नोकरी मिळाली नव्हती. पण नागपूरहून मित्राचा फोन आला तेव्हा त्याने खाकरून घसा साफ केला आणि सरळ सांगितलं, "जागृती स्कूल बस चालवते. मी नोकरी शोधतोय."