बाइंडरचाचांचे पत्ते

"आधी पानी प्या, मग बोलू," असं म्हणत बाइंडरचाचा समोरच्यापुढं तांब्या सरकवायचे. साल दुष्काळाचं. टँकर आठ-आठ दिवसांनी यायचा, आणि हा माणूस भविष्य सांगायच्या आधी पाणी पाजायचा. पिणाराच ओशाळून दोन घोट घ्यायचा आणि तांब्या परत करायचा. तुम्ही असा ज्योतिषी कुठं पाहिला असेल तर मला सांगा. मी तरी दुसरा पाहिला नाही.

लातूर जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. उस्मानाबादहून जुनी दप्तरं ट्रकनं आमच्या कचेरीत आली. पानं पिवळी पडलेली, शिवण उसवलेली, काही वाळवीनं चाखलेली. ती शिवायला चाचांना रोजंदारीवर घेतलं होतं. मी त्याच रेकॉर्ड रूममध्ये नवी कारकून, नोकरीला वर्षही झालं नव्हतं.

माझे वडील देवणीकडचे शाळामास्तर. धम्म घेतलेलं घर. भविष्य, गंडेदोरे, अंगात येणं यांना आमच्या उंबऱ्याच्या आत जागा नव्हती. मी चाचांचे पत्ते शिकले, हे वडिलांना शेवटपर्यंत कळलं नाही.

बाइंडिंगच्या उरल्यासुरल्या पुठ्ठ्याचे तुकडे कापून चाचांनी त्यांवर काडेपेटीवरची आणि कॅलेंडरातली चित्रं खळीनं चिकटवली होती. जहाज, कोंबडा, किल्ली, कंदील, विंचू, रिकामी खाट, अशी बरीच. जेवणाच्या सुट्टीत शिपाई, ड्रायव्हर, खेड्यातून कामाला आलेली माणसं त्यांच्यापुढं उकिडवी बसायची. डाव्या हातानं एक पत्ता ओढायचा. चाचा तो आधी स्वतःच्या छातीशी धरून बघायचे, मग समोरच्याचं तोंड बघायचे, आणि मग बोलायचे.

"चाचा, लातूरच्या माणसाला जहाज कशाला?" मी एकदा विचारलं.

"बदली," ते म्हणाले. "निलंग्याला गेले तरी दर्या पार केल्यासारखं रडत्यात हे लोक."

मला चाळाच लागला. दुपारी दप्तरं लावता लावता एकेक पत्ता विचारून घ्यायची आणि वहीत लिहायची. एका ओळीत एक पत्ता, पुढं त्याचा अर्थ. चाचा हसायचे. "बेटी, रजिस्टर करून राहिली का?" हो, करतच होते. मला दुसरं काय येत होतं?

रिकाम्या खाटेपाशी मात्र ते थांबले. "ज्याची खाट, तो परत येत न्हाई," म्हणाले आणि पत्ता गड्डीत खाली सारला.

आता सुंदराबाई. कचेरीतले रांजण ती भरायची. तिचा एकुलता एक लेक हैदराबादला बांधकामावर गेला होता, आणि चार महिने त्याचं पत्र नव्हतं. दर शुक्रवारी रांजण भरून झाले की ती पदराला हात पुसत चाचांपुढं बसायची. एका शुक्रवारी तिच्या हाताला खाट लागली. चाचांनी पत्ता छातीशी धरला, तिच्याकडं बघितलं.

"येणाऱ्याची खाट हाय," ते म्हणाले. "झाडून ठेव."

ती हसतच गेली. मी मात्र तापले. "तिला खोटं सांगितलंत."

"हाव." ते दाभणात दोरा ओवत होते. "तुला शिकायचं होतं, तुला सांगितलं. तिला घरी जाऊन भाकरी थापायची हाय."

मला ती लबाडी वाटली. त्या वयात मला पुष्कळ गोष्टी लबाडी वाटायच्या.

चैत्रात चाचा तापानं पडले. त्या शुक्रवारी सुंदराबाई माझ्याकडं आली. "ताई, तुमी शिकलाव म्हणं. बघा की जरा." पत्ते चाचांच्या खणात दोऱ्यात बांधलेले असायचे. मी ते पिसले, तिनं डाव्या हातानं ओढला. पुन्हा खाट. मी वही उघडली आणि लिहिलं होतं ते वाचलं.

माझा पत्त्यांवर विश्वास नव्हता, आणि म्हणूनच ते वाक्य वाचायला मला जड गेलं नाही. उलट, एकदाचं कुणीतरी तिला खरं सांगितलं, असं वाटून मी खूश झाले. आज त्या खुशीची मला किळस येते.

"असं म्हंतंय का," एवढंच ती म्हणाली. राहिलेला रांजण तिनं भरला आणि गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. शेजारणीला सांगून गेली होती, लेकाची माती तरी माझ्या हातानं होऊ दे. हैदराबादच्या गाडीत बसली. त्या शहरातला एकही रस्ता तिला ठाऊक नव्हता.

तीन आठवड्यांनी तिचा लेक आला. पायाडावरून पडला होता, उजवा हात अजून गळ्यात बांधलेला. इतके दिवस दवाखान्यात होता, लिहिणार कशानं? घराला कुलूप दिसलं, शेजारणीनं सगळं सांगितलं, तसा तो थेट रेकॉर्ड रूममध्ये आला.

"माझ्या मायला कोण सांगितलं मी मेलो म्हणून?"

चाचा त्याच आठवड्यात कामावर परतले होते. दोन शिपाई होते, मी होते. माझ्या हातात दोन दप्तरं होती. मी तोंड उघडायच्या आत चाचा उठले.

"मी सांगितलं."

पोरानं डाव्या हातानं मारलं. चाचा पडले, उठले, पुन्हा मार खाल्ला. शिपायांनी त्याला ओढून बाहेर नेलं. मी दप्तरं धरून उभीच होते. चाचांनी ओठाचं रक्त पुसलं आणि हळू आवाजात म्हणाले, "गप बस. तुझी नौकरी नवी हाय."

मी गप्प बसले.

दुसऱ्या दिवसापासून ते आले नाहीत. धीर करून त्यांच्या घरी गेले तेव्हा आठवडा उलटला होता. सून म्हणाली, देगलूरला बहिणीकडं गेले. वर्षभरानं ते तिथंच वारल्याचं कळलं. सुंदराबाईला लेकानं पुष्कळ शोधलं. ती सापडली नाही.

मी निवृत्त होईपर्यंत ही हकिगत कचेरीत नव्या माणसांना चहाबरोबर सांगितली जायची. एक बाइंडर होता, पत्ते काढायचा, त्याच्या जिभेपायी एक बाई देशोधडीला लागली. सांगणारा मधेच माझ्याकडं वळायचा.

"मॅडम, तुम्ही होतात ना तेव्हा?"

"होते," मी म्हणायची, आणि तो पुढं सांगायला लागायचा.