फ्रिजमधली किल्ली

तिचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. काकूची, म्हणजे माझ्या बायकोची, झोप मोडू नये म्हणून गजर वाजायच्या आत उठून तो बंद करायची आणि लाँड्रीत जायची. तिथे हॉस्पिटलच्या चादरी धुवायला येत. ओल्या चादरींचा पिळा ड्रममधून ओढून काढणं म्हणजे काय, ते ज्यानं केलंय त्याला विचारा. तिथून थेट कॉलेज. सिनेमाचं शिक्षण.

ती माझ्या धाकट्या भावाची मुलगी. त्यांच्याकडे असलं कॉलेज नव्हतं, म्हणून आमच्या दोन खोल्यांत राहायला आली. मी जन्मभर कारखान्यात प्रेसमशीनवर होतो. मशीननं डावा कान नेला, उजव्यावर भागतं. सिनेमा शिकणं हे काम असतं, यावर माझा विश्वास नव्हता. भावाला तसं तोंडावर सांगितलं. "दादा, तू तिला काम करताना बघ, मग बोल," एवढंच तो म्हणाला.

ती आवाजाचं काम शिकत होती. लांब काठीला माईक लावायचा, तो बोलणाऱ्याच्या डोक्यावर धरायचा, चित्रात येऊ द्यायचा नाही आणि हात हलू द्यायचा नाही. मी ती काठी एकदा धरून पाहिली. खांदे भरून आले. हे काम आहे, हे तेव्हा पटलं.

पण पोरीला तोंड नव्हतं. कुणाला काही सांगायचं म्हणजे तिच्या जिवावर यायचं. पहिल्या वर्षी वर्गाचं शूटिंग आमच्या स्वयंपाकघरात झालं. आमचा फ्रिज म्हणजे खटारा. मध्येच घरघरायला लागतो, मध्येच धाडकन गप्प होतो. तिनं कुणाला न सांगता त्याचं बटण बंद केलं आणि विसरली. सकाळी दूध नासलेलं, भाजी आंबलेली, फरशीवर पाणी.

"अगं, सांगितलं असतंस तर मी नसतं का लक्षात ठेवलं?" काकू म्हणाली. "सदा तोंडाला कुलूप!"

पोरीनं फरशी पुसली. धडा शिकली, पण उलटा. दुसऱ्या वर्षी एका अनोळखी बाईंच्या घरी शूटिंग होतं. फ्रिज बंद करू का, हे विचारायची हिंमत झाली नाही. चालूच राहू दिला. एडिटिंगनंतर शिक्षकांनी तो प्रसंग वर्गात लावला. बाप मुलीशी बोलतोय, दोघांचे चेहरे वेगवेगळ्या वेळी टिपलेले. बापाचा चेहरा दिसला की मागे घरघर, मुलीचा दिसला की शांतता, परत बाप, परत घरघर.

"आवाज कोणी केला?" शिक्षकांनी विचारलं.

"फ्रिजनं, सर!" मागून कुणीतरी म्हणालं.

वर्ग हसून लोळला. त्या दिवसापासून वर्गात तिचं नाव फ्रिज.

घरी जेवताना तिनं हे सांगितलं. ताटातला भात नुसता चिवडत होती.

"सोडणार का मग?" मी विचारलं.

"नाही."

"मग जेव. पहाटे उठायचंय."

त्यानंतर पोरीनं चंगच बांधला. सुट्टीच्या दिवशी रिकाम्या खोल्यांचे आवाज टिपत फिरायची. जिना, वर्ग, बंद गोदाम. कुणी बोलत नसतानाही प्रत्येक खोलीला स्वतःचा आवाज असतो म्हणे. तो टिपून संवादांखाली अंथरला, की तुकडे जोडल्याचं कळत नाही.

आणि लाँड्रीत मुकादम बाईंनी तिला आरोळीचं काम दिलं. ड्रम सुरू करण्याआधी एकानं "हात बाहेर!" असं ओरडायचं असतं. तिथे पुटपुटून चालत नाही. कुणाचा तरी हात जातो. पहिल्या दिवशी बाई म्हणाल्या, "मांजर ओरडलं का?" महिन्याभरात तिची हाक रस्त्यावर ऐकू यायला लागली.

शेवटच्या वर्षी मोठा सिनेमा करायचा असतो. त्यावर नाव नसेल तर बाहेर कुणी दारात उभं करत नाही. दिग्दर्शक पोरगा हटून बसला, "आवाजाला फ्रिज नको." शिक्षक म्हणाले, "पहिला दिवस तिला दे. बिघडलं तर दुसऱ्या कुणाला घे."

तो पहिला दिवस आमच्याच स्वयंपाकघरात होता.

"काकू, फ्रिज बंद करतेय," ती आल्या आल्या म्हणाली. "काका, भिंतीवरचं घड्याळ उतरवून रजईत गुंडाळा." मग दिग्दर्शकापुढे हात पसरला. "गाडीची किल्ली दे." आणि ती तिनं फ्रिजमध्ये, दुधाशेजारी ठेवली.

"माझीच किल्ली का?"

"पळायची घाई सगळ्यात जास्त तुलाच असते. किल्लीसाठी फ्रिज उघडशील, तेव्हा बटण आठवेल."

काकू तोंडावर हात धरून हसली.

काम दुपार कलेपर्यंत चाललं. शेवटचा शॉट संपला. "झालं, आवरा!" दिग्दर्शक म्हणाला आणि सगळे वायरींवर तुटून पडले.

"हात बाहेर!"

भांडी थरथरली. जो तो जागच्या जागी थिजला.

"खोलीचा आवाज राहिलाय. कुणी हलायचं नाही."

"अगं, पुढच्या जागेचं ऊन चाललंय..."

"ऊन उद्या येईल. बोलू नकोस." मग माझ्याकडे वळून, "काका, श्वास."

"बंद करू?"

"हळू घ्या. भाता चालल्यासारखा येतोय."

सगळ्यांनी ओठ चावून हसू दाबलं. मग शांतता. मी खुर्ची उचलायला वाकलो होतो, तसाच राहिलो. गुडघा ठणकत होता. मला काहीच ऐकू येत नव्हतं. पण तिचे डोळे मिटलेले होते आणि काठीवरचा हात दगडासारखा स्थिर होता. तसा हात मी कारखान्यात फार थोड्यांचा पाहिला.

"झालं. आता आवरा."

दिग्दर्शक दारापर्यंत गेला, खिसा चाचपला, मुकाट्यानं परत आला. किल्ली काढली, बटण लावलं. फ्रिज घरघरला. दूध शाबूत होतं. दुसऱ्या कुणाला घ्यायची भाषा परत निघाली नाही.

सिनेमा कॉलेजच्या हॉलमध्ये दाखवला. तिनं मला उजवा कान स्पीकरकडे येईल असं बसवलं. पडद्यावर आमचं स्वयंपाकघर होतं. चेहरे बदलत गेले, पण खोली एकच राहिली. दिवे लागल्यावर शिक्षकांनी विचारलं, "आवाज कोणी केला?"

"मी, सर."

माझ्या डाव्या कानालाही ऐकू गेलं.

पुढे माहितीपट करणाऱ्या मंडळींनी तिला कामावर घेतलं. पहिला पगार झाला तशी ती आम्हाला दुकानात घेऊन गेली. एकेका फ्रिजला कान लावायची. "चालू करा. बंद करा. परत चालू करा."

"ताई, निदान रंग तरी बघा," दुकानदार रडकुंडीला आला.

संध्याकाळी नवा फ्रिज घरात लागला. काकू त्याच्यापुढे उभी राहिली.

"अहो, चालू आहे ना हा? बघा बरं."

मी दार उघडून हात आत घातला. गार होता.