मामाच्या पत्रातला उपरोध

मी इंग्रजी साहित्यात बी.ए. करतोय हे आमच्या घरात कुणालाच पसंत नव्हतं, आणि तिसऱ्या वर्षाला येईपर्यंत ते मलाही पसंत राहिलं नव्हतं.

गाव मांडवगण फराटा, कॉलेज दौंडला, म्हणून मी दौंडला सोपानमामांच्या घरी राहायचो. मामा कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत एकोणीस वर्षं ऑपरेटर. तीन वर्षं त्यांनी मला खाऊपिऊ घातलं आणि बदल्यात कधी काही मागितलं नाही. त्या शनिवारी मात्र मागितलं. पहिली पाळी सुटताना गेटवर त्यांच्या हातात एक बंद पाकीट दिलं होतं. ते त्यांनी घरी येऊन माझ्यासमोर ठेवलं.

"वाच. इंग्रजीत हाय. तुझंच काम हाय हे."

पत्र चार ओळींचं होतं. तुमच्या प्रदीर्घ सेवेचं व्यवस्थापनाला मनापासून कौतुक वाटतं, सोमवारपासून तुम्हाला सध्याच्या कामातून 'रिलीव्ह' करण्यात येत आहे, दहा वाजता साहेबांना भेटावं. बस. कुणीही साधा माणूस हे वाचून सोमवारी दहा वाजता गेला असता. पण मी साधा राहिलो नव्हतो. आमच्या सरांनी नुकताच उपरोध शिकवला होता. (लेखक म्हणतो एक आणि त्याच्या मनात असतं बरोबर उलटं. दहा गुणांना हमखास.) मी ते 'मनापासून कौतुक' तीनदा वाचलं आणि पत्र खाली ठेवलं.

"मामा, पत्राचा सूर चांगला नाही."

"सूर? पत्राला कसला सूर?"

"कौतुक वरवरचं आहे. खरा अर्थ खाली आहे. रिलीव्ह केलंय तुम्हाला."

"म्हंजी आमच्यात रिलीव्हर येतो तसं? पुढच्या पाळीचा गडी आला की आपण घरी जायचं?"

"तेच," मी म्हणालो. "फक्त कायमचं."

मामा भिंतीला टेकून बसले. मामी स्वयंपाकघरातून आल्या आणि त्यांनी एकच प्रश्न विचारला. "नीट वाचलं न्हवं?"

इथं मला थांबायची संधी होती. मी त्यांना लेखकाचा हेतू समजावून सांगितला. त्यातलं काही त्यांना कळलं नाही, पण पोरगं इतकं अवघड बोलतंय म्हणजे खरंच असणार, असं वाटून त्या रडायला लागल्या.

रविवारी मांडवगणहून माझे वडील पिकअपमधून आले. त्यांना सगळे आबा म्हणतात. ते गावच्या दूध डेअरीचे संचालक असल्यामुळे एकटे कुठं जात नाहीत. बरोबर सहा जण होते. अंगणात सतरंजी पडली, चहा झाला. माणसं हळू आवाजात बोलत होती आणि मामांकडं बघायचं टाळत होती.

"एकोणीस वर्षं राबला माणूस," आबा म्हणाले, "आन् चार ओळींत भायेर. उद्या साहेबाला दोन शब्द सुनवायचेच. जायाचंच हाय तर मान ठेवून जाऊ."

मामा तसे गरीब माणूस. कंपनीत कुणाला उलटून बोललेले नव्हते. पण नोकरी गेलेलीच आहे म्हटल्यावर त्यांना एक वेगळाच मोकळेपणा आला. एकोणीस वर्षांतलं सगळं ते रात्री कागदावर लिहीत बसले.

सोमवारी आम्ही नऊ जण गेटवर उभे राहिलो. आत फक्त मामांना, आबांना आणि मला सोडलं. (मी दुभाषा.) केबिनमध्ये साहेब हसतमुखानं उठले. ते अस्सल कोल्हापूरचे निघाले, त्यामुळे दुभाष्याचं काम तिथंच संपलं.

"या सोपानराव, बसा."

"बसायला आलो न्हाई," मामा म्हणाले आणि त्यांनी कागद उघडला. कॅन्टीनच्या डाळीपासून सुरुवात केली. मग पावसाळ्यात बंद पडणारी बस. मग साहेब स्वतः सेफ्टी शूज न घालता प्लांटमध्ये फिरतात ते. शेवटी, मागच्या वर्षीचा तुमचा सत्कार आम्ही वर्गणी काढून केला आन् ती वर्गणी सक्तीची व्हती, हेही सांगून टाकलं. आबा प्रत्येक वाक्याला "व्हय" म्हणत होते.

मी टेबलाकडं बघत होतो. टेबलावर पेढ्यांचा बॉक्स होता. शेजारी एक कोरं पांढरं हेल्मेट होतं. ऑपरेटरचं हेल्मेट पिवळं असतं. पांढरं सुपरवायझरचं असतं, हे मला तीन वर्षांत मामांनीच सांगितलं होतं. मी मामांच्या बाहीला हात लावला. त्यांनी तो झटकला आणि डाळीवर परत आले.

सगळं झाल्यावर साहेबांनी ड्रॉवरमधून बढतीची ऑर्डर काढून समोर ठेवली. "जुन्या जागेवरनं मोकळं केल्याशिवाय नव्या जागेवर घेता येत नाही, सोपानराव. म्हणून ते पत्र."

मामांनी माझ्याकडं बघितलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

"माफीनामा द्या लेखी," साहेब म्हणाले. "मग बघू." पेढ्यांचा बॉक्स त्यांनी ड्रॉवरमध्ये ठेवला.

आम्ही घरी आलो. मामींनी ताट वाढलं, पण भाकरी न विचारता वाढायच्या बंद झाल्या. मी दोन दिवस जेवण सोडून माफीनामा लिहिला. इंग्रजीत, अडीच पानं. त्यात पश्चात्ताप होता, मानवी आकलनाच्या मर्यादा होत्या, भाषेचं फसवेपण होतं. तीन वर्षांत मी यापेक्षा चांगलं काही लिहिलं नव्हतं. गुरुवारी मामा तो घेऊन गेले आणि संध्याकाळी परत घेऊन आले.

"काय म्हणाले साहेब?"

"दोनदा वाचला. मग म्हणले, सोपानराव, ही माफी हाय का धमकी?"

"मग?"

"मग काय. तिथंच कागद घेतला आन् मराठीत दोन ओळी लिहिल्या. साहेबांनी माझ्याकडं बघितलं, पाठीवर हात ठेवला आन् हेल्मेट दिलं."

मी विचारलं, असं काय लिहिलंत?

मामा म्हणाले, "लिहिलं की, पत्र भाच्याने वाचले. भाचा इंग्रजी साहित्य शिकतो."