आबा कुणाकडं बघायलेत?

मी चित्रकलेची शिक्षिका. परभणीच्या एका शाळेत वर्षानुवर्षं पोरांना चेहरा काढायला शिकवला. नाक चुकलं तर मी एकवेळ सोडून देत असे, पण डोळे चुकले की पान फाडायला लावत असे. त्यामुळे डोळ्यांच्या बाबतीत कुणी मला काही सांगायला लागलं, की मी ऐकून घेत नाही. माझा हा स्वभाव माहेरी, बोरीला, सगळ्यांना ठाऊक होता. म्हणूनच विद्यापीठाच्या नामांतराच्या आदल्या वर्षी, पाडव्याच्या तोंडावर, काकांचा निरोप आला: पोरगी आल्याबिगर वाटणी व्हायची न्हाई.

वाटणी माझ्या दोन भावांची होती. रान, बैल, विहिरीवरच्या पाळ्या, सगळं गोडीगुलाबीनं ठरलं होतं. गाडं अडलं ते आबांच्या फोटोपाशी.

आबा म्हणजे आमचे वडील. त्यांना जाऊन तेव्हा काही वर्षं झाली होती. जन्मात त्यांनी एकदाच फोटो काढून घेतला, तोही सोसायटीच्या कुठल्याशा कार्डासाठी. गेल्यावर तोच मोठा करून, रंगवून, काच लावून आणला. रंगवणाऱ्यानं ओठ इतके गुलाबी केले होते की आबांनी बघितले असते तर त्याला जोड्यानं मारलं असतं. पण डोळे मात्र त्यानं झकास जमवले होते. दोन्ही बुबुळांत एकेक पांढरा ठिपका दिला होता आणि माणूस जिता झाला होता.

हा फोटो समोरच्या खोलीत दाराकडे तोंड करून टांगलेला होता. आता त्याच खोलीच्या मधोमध नवी भिंत येणार होती. जमिनीवर चुन्याची रेघ मारून झाली होती आणि ती नेमकी फोटोखाली जाऊन टेकत होती. फोटो ज्याच्याकडे, पितृपक्षातलं पित्तर त्याच्याकडे. भाऊबंद जेवायला त्याच्याच दारात येणार. मायचं मात्र आधीच ठरलं होतं, सहा महिने थोरल्याकडे आणि सहा महिने धाकट्याकडे. त्यावर कुणाचं भांडण नव्हतं. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून बियाण्यासाठी शेंगा फोडत होती.

"बाई, तूच सांग," थोरला म्हणाला. तो रेघेच्या डाव्या बाजूला, खिडकीखालच्या बाजेवर बसला होता. "मी रोज हितं बसतो. आबा सरळ माझ्याकडं बघतेत. त्यांची नजर माझ्या वाटणीत हाय."

"आक्का, त्याचं काही ऐकू नको," धाकटा उजवीकडून बोलला. "मी हितं टीव्हीपाशी असतो. माझ्यावरून नजर हटत न्हाई त्यांची. लय दिवसांपासून बघायलोय मी."

दोघंही खोटं बोलत नव्हते, हीच तर पंचाईत होती. काका दारातच बसले होते. ते तंबाखू मळत म्हणाले, "मला तर ह्यो माझ्याकडंच बघायलाय असं वाटायलंय. अन् माझा तर ह्या वाटणीत काडीचा हक्क न्हाई. पोरी, आता तूच फैसला कर."

मला हसू आवरेना. मी दोघांना जागा बदलायला लावली. थोरला रेघ ओलांडून टीव्हीपाशी गेला, धाकटा बाजेवर येऊन बसला. फोटोवरची नजर न काढता दोघं आडवे-तिडवे चालले आणि मधे एकमेकांवर आदळले. बसल्यावर दोघांचे चेहरे बघण्यासारखे झाले.

"हितं बी बघायलेत की," थोरला हळूच म्हणाला.

"बघणारच!" मी वर्गात बोलते त्या आवाजात सांगितलं. "फोटो काढताना आबा कॅमेऱ्याच्या काचेत बघत होते. काचेत बघणारा माणूस फोटोत सगळ्यांकडे बघतो. टीव्हीवर बातम्या सांगणारी बाई घ्या. ती डावीकडच्याकडे पण बघते, उजवीकडच्याकडे पण. म्हणून काय ती दोघांच्या घरची झाली?"

काका खो खो हसले. पण धाकटा भारी जिद्दी. तो म्हणाला, फोटो सपाट असतो, मग नजर फिरते कशी? मी म्हटलं, फिरत नाही, हीच तर गंमत आहे. तूच फिरतोस. मग मी त्याच्या लग्नाचा फोटो भिंतीवरून काढला. त्यात फोटोग्राफरनं त्याला कोपऱ्यातल्या दिव्याकडे बघायला लावलं होतं, तोंड जरा वळवून, ऐटीत. तो फोटो मी आबांच्या शेजारी उभा धरला आणि म्हटलं, आता ह्याच्या नजरेत येऊन दाखव.

तो डावीकडे सरकला. मग अजून डावीकडे. मग भिंतीला गाल लावून उभा राहिला. तरी फोटोतला नवरदेव त्याच्या पलीकडेच कुठंतरी बघत होता.

"स्वतःच्याच नजरेत येईनास की रे!" काका म्हणाले आणि त्यांच्या हातातली तंबाखू सांडली.

मी जिंकले होते. मी लगेच पुढचा तोडगाही काढला. परभणीत आबांचा फोटो रंगवणारा स्टुडिओवाला अजून होता, तो तशीच दुसरी प्रत करून देईल. दोन फोटो, दोन घरं. आबा दोन्हीकडे सारखेच बघतील, उन्नीस-बीस होणार नाही. थोरला म्हणाला, कबूल. धाकटा म्हणाला, कबूल. काका उठून टोपी झटकायला लागले.

"फोटोचे दोन होतेल," उंबऱ्यावरून माय म्हणाली. "माझ्या दोन करून आणशील का?"

ती शेंगा फोडतच होती.

"पोरी, तू शिकलेली हायस. तुझं खरंच असंल. ते सगळ्यांकडं बघतेत. पन मी नांदायला आल्यापासून सगळ्यांदेखत त्यांनी माझ्याकडं कवा बघितलं व्हतं? आधी सासू-सासरे व्हते. मग तुमी मोठे झालात. पानी मागायचं तर भिंतीकडं बघून मागायचे. मी बी खाली बघूनच तांब्या द्यायची. त्यांचे डोळे कसे हायेत हे मला ह्या फोटोतच धड दिसलं."

आईबापांनी एकमेकांकडे बघितल्याचं मलाही आठवेना.

"चुलीपुढून मान वर केली की ह्या दारातून बघायलेत. सुरवातीला लाज वाटायची, पदर वढून घ्यायची. आता न्हाई वाटत. भाकरी जळली तरी मी त्यांच्याकडं बघून घेते." तिनं सुपातली फोलं बाजूला लोटली. "अन् तुमी मला सहा महिने हिकडं, सहा महिने तिकडं धाडायलात."

"माय, तिकडं बी फोटो असंलच की," धाकटा म्हणाला.

"तिकडं तुझ्या बायकोची चूल ऱ्हाईल. माझी चूल हितं हाय."

"पन ही खोली वाटणीतली हाय," थोरल्यानं समजावणीच्या सुरात म्हटलं.

"मी बी वाटणीतलीच की रे. मला इच्यारलं का कुनी?" ती पहिल्यांदाच आवाज चढवून बोलली. "भिंती तुमच्या तुमच्या खोल्यांत घाला. ही खोली अन् ही चूल, मी मरस्तोवर माझी. हे जातील तिकडं मी जन्मभर गेले. आता मी ऱ्हाईन तिथं ह्यांनी ऱ्हायचं."

थोरल्यानं काकांकडे बघितलं, काकांनी माझ्याकडे. फैसला मला करायला सांगितला होता ना? मी म्हटलं, ती म्हणते तसंच होईल, आणि कुणाला मंजूर नसेल त्यानं आत्ताच बोलावं. थोरल्यानं मान डोलवली, मग धाकट्यानंही.

माय उठली. पदराला हात पुसत चुन्याच्या रेघेवरून चालत आली आणि फोटोसमोर उभी राहिली. दोन मुलगे, लेक आणि दीर, सगळ्यांदेखत तिनं मान वर केली आणि आबांच्या डोळ्यांत सरळ बघत राहिली. आम्ही सगळे खाली बघायला लागलो.