सुमंगलाअक्कांची मुलाखत घेण्याची रीत

सुमंगलाअक्का बिराजदारांना मी पहिल्यांदा पाहिलं ते लातूरला, त्यांच्या सॉफ्टवेअर कंपनीत मुलाखतीला गेलो तेव्हा. मी हदगावचा. नांदेडला इंजिनिअरिंग संपलं आणि त्याच सुमारास वडिलांच्या किडन्या निकामी झाल्या. त्यांना बसने नांदेडला डायलिसिससाठी न्यायचं आणि परत आणायचं, यात दोन वर्षं गेली. नंतर पुण्यात मुलाखती दिल्या. प्रत्येक ठिकाणी बायोडेटातल्या त्या मोकळ्या वर्षांवर बोट यायचं. ‘घरगुती अडचण’ एवढंच मी पुटपुटायचो आणि ‘कळवतो’ ऐकून बाहेर पडायचो.

अक्कांचंही बोट तिथेच आलं. त्या खुर्चीत बसल्याच नव्हत्या. दारापासून खिडकीपर्यंत सारख्या चालत होत्या आणि त्यांच्याकडे बघता बघता माझा उरलासुरला धीर सुटत होता.

“ह्या दोन वर्षांत काय केलात?”

मी खरं ते सांगून टाकलं. त्या थांबल्या.

“मशिनी कमी, पेशंट जास्त असतील. कुणाचा नंबर कधी, हे कसं ठरायचं? एखाद्याची बस चुकली तर?”

ते मला पाठ होतं. किनवटकडून रेल्वेने येणारे उशिरा पोचायचे, मागचे ताटकळायचे, मग भांडणं व्हायची. अक्कांनी माझ्या हातात मार्कर दिला. “मग ह्याचाच प्रोग्राम कसा लिहाल, दाखवा.” मी फळ्यावर लिहीत गेलो, त्या अडवत गेल्या. “आन् मधीच लाइट गेली तर?” जेवणाची वेळ टळून गेली तरी दोघांच्याही लक्षात आलं नाही. जी वर्षं मी लपवत फिरत होतो, त्यांवरच माझी परीक्षा झाली आणि मला नोकरी मिळाली.

पुढे वडिलांच्या डायलिसिसच्या दिवशी नांदेडच्या दवाखान्यात बसून काम करायची मुभा त्यांनी आपणहून दिली. वडील गेले तेव्हा त्या हदगावला आल्या आणि आईजवळ ओसरीवर संध्याकाळपर्यंत बसून राहिल्या. एका जागी इतका वेळ बसलेल्या अक्का मी तेव्हाच पाहिल्या.

अक्का मूळच्या उदगीरच्या. हैदराबादची मोठ्या हुद्द्याची नोकरी सोडून त्या लातूरला आल्या, तेव्हा नातेवाइकांनी त्यांना वेड्यात काढलं होतं. आपल्याकडच्या मुलामुलींना काम इथेच मिळावं, हा त्यांचा ध्यास. परंतु मला आज सांगायचं आहे ते कंपनीच्या एका वाईट वर्षाबद्दल.

आमचं बहुतेक काम तेव्हा पुण्याच्या एका मोठ्या कंपनीकडून येत असे. करार वाढवायच्या वेळी त्यांनी अट घातली, की तुमच्या प्रत्येक माणसाची मुलाखत आम्ही व्हिडिओवर घेऊ. सगळे हवालदिल झाले. त्यात अर्चना होती. ती किनवट भागातल्या एका पाड्यावरची, निवासी शाळेच्या वसतिगृहात राहून शिकलेली. तिचं काम आमच्यात सर्वांत नेटकं, पण बोलताना ती अडखळायची. समोरच्याने भराभर इंग्रजीत प्रश्न टाकले, तिचा पहिलाच शब्द अडला, आणि दोन मिनिटांत मुलाखत संपली. शेरा आला, ‘अयोग्य’.

अक्कांनी सर्वांसमोर फोन लावला. “तिला प्रश्न लिहून द्या, नाहीतर थोडा वेळ द्या. तिचं काम तुम्ही रोज वापरता.”

पलीकडून उत्तर आलं, “एवढा वेळ आमच्याकडे नाही, मॅडम. तिला वगळा, बाकीच्यांचा करार करू.”

“मग करार ऱ्हाऊ द्या,” अक्का म्हणाल्या आणि फोन ठेवला.

करार गेला आणि बहुतेक काम थांबलं. सचिन नावाचा आमचा सहकारी, घरात तान्हं बाळ असलेला, अक्कांसमोर फुटला. “एकीपायी आमच्या सगळ्यांच्या पोटावर पाय देऊन राहिलात तुम्ही!”

अक्का वरमल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. “तुमचं चूक न्हाई, सचिन. ज्यांना जायचंय त्यांनी जावं. मी स्वतः शब्द टाकते.” त्यांनी खरोखरच ओळखीपाळखीच्या ठिकाणी फोन केले. निम्मी माणसं गेली. सचिनही गेला.

अर्चनाने राजीनामा आणून ठेवला. अक्कांनी वाचून तो परत दिला.

“लग्न ठरलंय असं लिवलीस. ठरलंय का?”

तिने मान हलवली. “नाही. माझ्यामुळं हे सगळं…”

“तुझ्यामुळं न्हाई. निर्णय माझा हाय, त्याचं वझं तू कशाला घेतीस? जा, कामाला लाग.”

पण काम होतंच कुठे? अक्का रोज सकाळी आम्हा दोघांतिघांना घेऊन बाहेर पडू लागल्या. डाळमिल, अडत दुकानं, दवाखाने. बहुतेकांनी चहा पाजून वाटेला लावलं. अखेर एका डाळमिलवाल्यांनी मालाच्या आवक-जावकीचा हिशेब ठेवणारा प्रोग्राम करायला दिला. तो अर्चनाने उभा केला, आणि तो पाहून दुसरे आले. कंपनी पूर्वीइतकी मोठी पुन्हा झाली नाही, हेही सांगायला हवं. सचिन पुण्यात स्थिरावला. तो अक्कांशी आजही बोलत नाही. त्यांना याची खंत आहे, आणि ती त्या लपवत नाहीत. अर्चना मात्र आता आमच्याकडे मुलाखती घेते, तिच्या गतीने. समोरचे थांबतात.

आता नवीच धास्ती आहे. यंत्रंच प्रोग्राम लिहू लागली आहेत. मागच्या महिन्यात आम्ही अक्कांना विचारलं, “पुढं आपलं कसं होणार?”

“मलाबी घोर लागलाय,” त्या म्हणाल्या. “पण उद्या रेणापूरची दोन पोरं येणार हायत. त्यांना काय विचारायचं, ते आधी ठरवू.”

अक्का, आज तुम्हाला साठ वर्षं पूर्ण झाली, तरी आता तुम्ही विसावा घ्यावा असं म्हणायचा आम्हाला धीर होत नाही. तुमची प्रकृती उत्तम राहो, तुम्हाला शंभरी लाभो. आणि दाराबाहेर घाबरून बसलेल्या पोरांना आणखी खूप वर्षं आतून तुमचीच हाक येवो.